तंबूचा मागचा पडदा

१

पहाटेचा नमाज आटोपून तर्फा मैदानात आली तेव्हा तंबू जागच्या जागी होता. नऊ खांब होते, दोर ताणलेले होते, आत गालिचे अंथरलेले होते, कॉफीची पितळी भांडी ओळीने मांडलेली होती. फक्त मागचा पडदा नव्हता. काल संध्याकाळी जिथे बकरीच्या केसांची चाळीस हात लांब काळी भिंत होती, तिथून आता सरळ पलीकडच्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

तर्फाने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक घातली.

"अरे, माझी भिंत कुणी नेली रे?"

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना सात शेजारी देशांचे खेळाडू त्या मैदानात पाऊल ठेवणार होते. यजमान अमिरातीला जगाला एकच निरोप द्यायचा होता. तो फलकांवर होता, तिकिटांवर होता, विमानतळाच्या दारावरही होता: 'आमचं घर तुम्हाला उघडं आहे.' त्या निरोपासाठीच तर काच आणि पोलादाच्या मैदानात वाळू ओतून वाळवंटातला जुना तंबू उभा केला होता. एकवीस बायका नऊ महिने तो विणत होत्या, आणि तर्फा त्यांची मुख्य होती.

नऊच्या सुमाराला पोलिसांचा तरुण कप्तान मिशअल एका म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याचं नाव मुत्लक. चाळीस वर्षं तो पोलिसांचा मागकाढ्या होता. वाळूतलं पाऊल पाहून माणूस थकलेला होता की घाबरलेला, हे तो सांगायचा. उंटाचा माग पाहून उंट कोणत्या डोळ्याने आंधळा आहे तेही सांगायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. आता तो नातवंडांवर आणि बकऱ्यांवर नजर ठेवून होता.

तंबूच्या मागे जाऊन मुत्लकने खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. वाळू आरशासारखी सपाट होती.

"माझं पुस्तक कुणी पुसलं?"

"रोज पहाटे वाळूवर यंत्र फिरतं, काका," मिशअल ओशाळून म्हणाला. "चालवणाऱ्याला काय माहीत चोरी झालीय म्हणून!"

"मग मला कशाला आणलंस? कॉफी प्यायला?"

"कॉफी तर आहेच. पण पावलं नाहीत तर तोंडं वाचा. चारच तोंडं आहेत."

काल तालीम संपली आणि सगळे गेले. एकच दरवाजा उघडा होता, तिथे बलुची पहारेकरी. मागे राहिले ते चौघे: तर्फा, विणकरीण दिबला, कापडाचा ठेकेदार खलफान आणि सोहळ्याचा व्यवस्थापक नायिफ. रात्रीचा नमाज होईपर्यंत एकेक करून चौघे बाहेर पडले. कोण आधी गेलं आणि कोण शेवटी, ते पहारेकऱ्याला आठवत नव्हतं. पिशवीहून मोठं काही कुणाच्याच हातात नव्हतं, असं पहारेकरी मुलांची शपथ घेऊन सांगत होता.

"दोन माणसांना उचलायला जड जाईल एवढा पडदा," मुत्लक म्हणाला. "पिशवीत गेला म्हणतोस?"

"कुठे गेला ते तुम्ही सांगा. कुणी नेला ते मला माहीत आहे," मिशअलने आवाज खाली केला. "तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर शेखसाहेब पाहणीला येतायत. त्याच्या आत मी दिबलाचा पास काढून घेणार आहे."

२

तंबूच्या छपराला मागचा पडदा लाकडी टाचण्यांनी टोचलेला असतो. मिशअलने मुत्लकला छपराची कड दाखवली. साठच्या साठ टाचण्या पुन्हा कडेत खोचून ठेवलेल्या होत्या. एकही वाळूत पडली नव्हती. सगळ्यांची डोकी वर.

"बघा. चोराला घाई नव्हती. आणि हे हात बाईचे आहेत. पडदा उतरवावा, टाचणी कडेत खोचावी, डोकं वर ठेवावं, म्हणजे पुढच्या मुक्कामाला शोधायला नको. माझी आजी असंच करायची."

"तुझी आजी हुशार होती. पुढे?"

"पुढे असं, की दिबला पलीकडची. इथे लग्न करून आली, पण माहेर हद्दीच्या पलीकडे. चार वर्षं हद्द बंद होती, दोन देश एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आता समेट झालाय आणि त्यांचा संघ उद्या येतोय. काल तालमीनंतर ती सगळ्यांसमोर बोलली, 'हा पडदा उद्या इथे नसेल तर बरं.' सगळ्या बायकांनी ऐकलंय. का म्हणून विचारलं तर तोंड मिटून बसलीय."

"तिच्या माहेरचं कुणी येतंय संघाबरोबर?"

"भाऊ. धावपटूंना शिकवतो. चार वर्षांत भेट नाही. वाईट वाटतं, काका. पण पास गेला की ती मैदानात येऊ शकत नाही, आणि संघ खेळाडूंच्या वस्तीत. तिथे बाहेरच्याला प्रवेश नाही. तीन दिवसांनी ते परत जाणार."

मुत्लक तंबूच्या मागच्या कोपऱ्यावर गेला. पडदा सोडवायचा तर मागचे दोन दोर सैल करावे लागतात. कुणीतरी ते सैल करून पुन्हा ताणून बांधले होते. तो उकिडवा बसला आणि एका दोराच्या गाठीकडे बघत राहिला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन तिथली गाठ पाहिली.

"काय आहे?" मिशअलने विचारलं.

"गाठ आहे."

"ती मलाही दिसतेय."

"मग माझ्यासारखा बस आणि बघ," मुत्लक म्हणाला. "टाचण्या बाईच्या, म्हणालास ना? ही गाठ बाईची नाही."

३

तर्फा चटईवर बसून रागारागाने लोकर पिंजत होती. मुत्लक समोर बसला तसा तिने आधी खजूर पुढे सरकवले आणि मग तोंड सोडलं.

"आलास? चोर पकडायला म्हातारा पाठवला म्हणजे चोरालाही दम खायला वेळ मिळेल."

"मी म्हातारा, आणि तू काय कालची नवरी?"

"माझे हात अजून चालतात. तुझे पाय बघ." ती हसली, मग गंभीर झाली. "दिबलाने केलं नाही हे. तो पडदा तिनेच विणलाय, जवळजवळ सगळा. स्वतःच्या लेकराला कुणी पळवून नेतं का?"

"तू काल मागे का राहिलीस?"

"चष्मा विसरले होते. संध्याकाळच्या नमाजाच्या आधी गेले. तेव्हा पडदा होता. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून मीच खालची कड वाळूत दाबली."

"वारा? या भिंतींच्या आत?"

"सवय रे, बाबा. हात डोक्याला विचारून काम करत नाहीत."

मुत्लकने ते वाक्य नीट ऐकून ठेवलं.

खलफान मात्र एवढा खुशीत होता की त्याला ती खुशी लपवता येत नव्हती. त्याने सुरुवातीलाच यंत्रावर विणलेला तंबू देऊ केला होता, आणि तर्फाने त्याला सगळ्यांदेखत 'प्लास्टिकवाला' म्हणून परत पाठवलं होतं. आता तसलाच पडदा अस्रपर्यंत आणून लावतो, असं त्याने कळवून टाकलं होतं.

"काल पडद्याची मापं घेत होतास म्हणे," मुत्लकने विचारलं.

"घेत होतो. लपवतोय कुठे?"

"चोरीच्या संध्याकाळी मापं, सकाळी पडदा तयार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं की सुंठ तूच आणलीस?"

"अहो अबू शाफी," खलफानने मुत्लकला थोरल्या मुलाच्या नावाने मानाची हाक मारली. "धंदेवाल्याने माप घ्यायचं नाही तर काय नमाजच पढायचा? बकरीच्या केसांना आग लागते. अग्निशामकवाल्यांनी शेवटच्या क्षणी नको म्हटलं तर? म्हणून मापं घेऊन ठेवली." त्याने नमुन्याचं कापड दोरीने गुंडाळून पुढे केलं. "हे घेऊन जा, नीट बघा."

मुत्लकने कापड पाहिलं नाही, दोरी पाहिली. खलफानचे आजे-पणजे मोती काढायला समुद्रात जायचे. गाठ जहाजावरची होती, दोन फेऱ्यांची, ओढली की आवळणारी. तंबूच्या दोरावरची गाठ ही नव्हती. शिवाय या माणसाने टाचण्या काढल्या असत्या तर त्या मुठीमुठीने वाळूत पडल्या असत्या. त्याच्या सात पिढ्या विटांच्या घरात झोपल्या होत्या.

"उद्या लोक म्हणतील, खलफाननेच चोरला," खलफान मागून ओरडला. "लिहून घ्या, मी शपथ घ्यायला तयार आहे!"

"शपथ ठेव जपून," मुत्लक म्हणाला. "गिऱ्हाइकाला लागेल."

मुत्लक वळला तर समोर मिशअल उभा होता. त्याच्या हातात निळ्या दोरीचा एक पास होता.

"काका, मी थांबलो असतो. पण वरून फोन आला."

४

दिबला सावलीत एकटीच बसली होती. चाळिशीची, उंच, हाडापेराने मोठी बाई. गळ्यातला पास गेला होता. बाकीच्या विणकरणी लांबून बघत होत्या, जवळ कुणी येत नव्हतं.

मुत्लक तिच्याशेजारी टेकला. आधी तिने त्याच्या माणसांची खुशाली विचारली, मग त्याने तिच्या. बकऱ्यांचीही झाली. रीत पुरी झाल्यावर त्याने खिशातून दोरीचा तुकडा काढला.

"पोरी, हा माझ्या काठीला बांधून दे. माझी बोटं आता ऐकत नाहीत."

तिने काठी मांडीत धरली, दोन्ही हातांनी दोरी फिरवली, टोकं एकमेकांतून काढली आणि अंगठ्याने गाठ बसवली. तंबू उभारणाऱ्या बाईची गाठ. मुत्लकने मान हलवली.

"उंट बांधलेस कधी?"

"उंट भाऊ बांधायचा. आम्हा मुलींना आईच जाऊ द्यायची नाही."

"मग तू पडदा काढला नाहीस."

दिबलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडाच राहिला. "हे त्या कप्तानाला सांगा."

"सांगेन. पण तू त्याला सांगत का नाहीस, की पडदा नसता तर बरं असं का म्हणालीस?"

"मी सांगितलं तर म्हणतील, बघा, पलीकडची आहे, त्यांचीच बाजू घेते. वीस वर्षं मी या लोकांचं मीठ खाल्लंय, बाबा. यांना नावं ठेवणारी मी नाही." तिने लोकरीचे धागे उगाचच सारखे केले. "तालमीत मी पाण्याची बाटली आणायला पूर्वेच्या फाटकापाशी गेले. मागे वळले आणि दिसलं. ऐन वेळी तोंडून निघून गेलं एवढंच."

"काय दिसलं?"

"मी नाही सांगत. तुम्ही जा, फाटकात उभे राहा. तुम्ही तंबूत जन्मलेले आहात. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मुत्लक उठला. मैदान ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. पूर्वेच्या फाटकातून उद्या सातही संघ आत येणार होते. तिथे उभं राहून त्याने तोंड फिरवलं.

समोर तंबू होता. पडदा नसल्यामुळे तो आरपार उघडा दिसत होता: आधी गालिचे, मग कॉफीची भांडी, त्यांच्या पलीकडे पश्चिमेला शेखसाहेबांची आसनं. फाटकातून येणारा माणूस सरळ आत जाऊन बसला असता.

मग त्याने मनातल्या मनात पडदा परत लावून पाहिला.

वाळवंटात दुरून येणाऱ्या पाहुण्याला तंबूचं तोंड कुठे आहे तेच आधी दिसतं. तोंड आपल्याकडे असेल तर उंट बसवायचा. पाठ आपल्याकडे असेल आणि कुणी ती वळवत नसेल, तर खाली न उतरता पुढे जायचं. त्या घराला तुम्ही नको असता. याला कुणाची शिवी लागत नाही, शब्द लागत नाही. चार वर्षांनी येणाऱ्या भाऊबंदांपुढे ही अमिरात चाळीस हात काळी पाठ करून बसणार होती, आणि वर कर्ण्यातून तीन भाषांत सांगणार होती, आमचं घर तुम्हाला उघडं आहे.

हा पडदा कुणी चोरला नव्हता. कुणीतरी तो पाहुण्यांचा अपमान होऊ नये म्हणून काढला होता.

५

व्यवस्थापक नायिफ पंचेचाळिशीचा असेल. पांढरा झगा, कडक इस्त्री, हातात नकाशांची गुंडाळी, डोळे रात्रभर न झोपलेल्याचे. मुत्लकने त्याला तंबूतच भेटायला बोलावलं. मुत्लकने चपला बाहेर काढल्या. नायिफनेही काढल्या.

"एक सांग, बाबा. हा तंबू असा पाठमोरा कुणी लावला?"

नायिफने नकाशा उघडला. तेवढ्याने त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "तंबू कुणी चुकीचा लावला नाही, अबू शाफी. आधी संघ पश्चिमेच्या फाटकाने यायचे होते. तंबूचं तोंड तिकडेच आहे. दोन आठवड्यांपूर्वी चित्रणवाले म्हणाले, मावळतं ऊन खेळाडूंच्या तोंडावर पडायला हवं, त्यांना पूर्वेकडून आणा. फाटक बदललं. तंबू राहिला. खांब सिमेंटमध्ये बसवलेत, ते आता हलत नाहीत."

"फाटक बदलायच्या कागदावर सही कुणाची?"

"समितीची. चौदा जण होतो."

"चौदा जणांत तंबू बघितलेला एकही नव्हता?"

"मी तर शहरातच वाढलो," नायिफ म्हणाला. "मला यातलं काय कळतं?"

असं म्हणत तो छपराच्या कडेखालून गेला. तिथे एक टाचणी अर्धी बाहेर आली होती. मघाशी मुत्लकनेच ती ओढून ठेवली होती. नायिफचं तिकडे लक्षही नव्हतं. तो नकाशाबद्दलच बोलत होता. पण त्याचा हात वर गेला, अंगठ्याने टाचणी आत दाबली, बोटाने तिचं डोकं वर केलं, आणि हात खाली आला.

मुत्लकने नजर वळवली. त्याला वाईट वाटलं. चाळीस वर्षांत माग सापडल्यावर असं वाईट त्याला क्वचितच वाटलं होतं.

तो दोन पावलं मागे सरला आणि एकाएकी थबकला. त्याच्या अनवाणी तळव्याखाली गालिचा होता, पण गालिच्याखाली वाळू नव्हती. वाळू पायाखाली सरकते. हे सरकत नव्हतं. जाड होतं, खरखरीत होतं, आणि तंबूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेलं होतं.

पहारेकरी खोटं बोलला नव्हता. पडदा मैदानाबाहेर गेलाच नव्हता. सकाळपासून सगळे त्याच्यावरच उभं राहून त्याला शोधत होते.

६

"बस," मुत्लक म्हणाला.

नायिफ बसला. मुत्लकने थर्मासमधून स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि पेला त्याच्यापुढे धरला.

"तुझ्या आईचं नाव हिस्सा. बरोबर? तर्फाला विचारलं मी येताना. मी म्हटलं, ज्या घरात मुलगा बाईचंही काम करायचा आणि पुरुषाचंही, असं घर तुला आठवतं का? ती लगेच म्हणाली, विधवा हिस्साचं. एकच पोरगा, अकरा उंट. सकाळी तो आईबरोबर तंबू उतरवायचा आणि संध्याकाळी उंट बांधायचा. बाकीची पोरं त्याला चिडवायची."

नायिफने पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"दोराची गाठ उंटाच्या पायाची होती," मुत्लक म्हणाला. "दुमडलेला गुडघा एका हाताने दाबून धरायचा आणि गाठ दुसऱ्या हाताने मारायची, टोक दातात धरून. दोराच्या टोकावर दातांचे वण आहेत. तंबूचा दोर असा कुणी बांधत नाही. आणि कुणी उंटवाला टाचण्या अशा खोचत नाही. दोन्ही करणारा या चौघांत एकच आहे."

नायिफने पेला खाली ठेवला.

"सही मी केली," तो म्हणाला. "सगळ्यात आधी मीच. कागदावर वरून बघितलं तर तंबू म्हणजे एक चौकोन. कागदावर तंबूला पाठ नसते, अबू शाफी. काल तालमीत फाटकातून पाहिलं तेव्हा पायाखालची वाळू सरकली. मी! तंबूत वाढलेला मी! परदेशातला कुणी असता तर लोक हसून सोडून देते."

"मग सांगायचं."

"कुणाला? शेखसाहेबांना? की तुमच्या हिस्साच्या पोराने पाहुण्यांना पाठ दाखवली?" त्याने कपाळ पुसलं. "वाटलं, पडदा हरवू दे. तंबू दोन्हीकडून उघडा राहील, निरोप खरा होईल, माझं नाव कुठे येणार नाही. सगळे गेल्यावर पडदा खाली सोडला, एकेक गालिचा गुंडाळत गेलो आणि खाली ओढत गेलो. दीड तास लागला. खलफान बदली पडदा घेऊन उभा राहील हे डोक्यातच आलं नाही."

"आणि दिबला?"

नायिफने नकाशा गुंडाळायला घेतला.

"तिचा पास काढला तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच होतो."

"हं."

"चोरी सिद्ध होणार नाही असं वाटलं. दोन दिवसांनी सोडून देतील..."

"दोन दिवसांनी तिचा भाऊ परतीच्या वाटेला लागेल." मुत्लकचा आवाज वर गेला नाही. "तू पाहुण्यांची लाज राखायला निघालास, आणि आपल्याच घरातली एक बाई दाराबाहेर बसवलीस. पडदा काढलास हे मी कुणालाही सांगेन आणि अभिमानाने सांगेन. हे दुसरं मला सांगायला लावू नकोस."

बाहेरून अस्रची बांग ऐकू आली. नमाज झाला आणि पश्चिमेच्या फाटकात गाड्या थांबल्याचा आवाज आला. शेखसाहेब आले होते. त्यांच्या मागे खलफान होता, आणि त्याच्या माणसांच्या खांद्यावर काळ्या प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी होती.

७

शेखसाहेब ऐंशीच्या घरातले होते. काठी टेकत तंबूपाशी आले, आणि मिशअल तोंड उघडणार तेवढ्यात नायिफ पुढे झाला. सगळ्यांसमोर त्याने सांगितलं: सही, फाटक, पडदा, गालिचे. शेवटी दिबलाचं नावही घेतलं.

खलफानच्या माणसांनी गुंडाळी खांद्यावरच धरून ठेवली.

"मला फाटकात घेऊन चला," शेखसाहेब म्हणाले.

ते पूर्वेच्या फाटकात जाऊन उभे राहिले. वळले. म्हाताऱ्याने किती वेळ तिकडे पाहिलं ते कुणी मोजलं नाही. त्यांच्याही आईने कधीकाळी असलाच तंबू उतरवला असेल आणि उभारला असेल.

"पडदा आहे तिथेच राहू दे," ते परत येऊन म्हणाले. "खलफान, तुझं ते सामान घेऊन जा, घरी गाडीवर घाल." मग नायिफकडे वळले. "कागदावरची चूक मी माफ केली. मीही त्या कागदावर सही केलीय, न बघता. पण उद्यापासून तू या कामावर नाहीस. का, ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तिची माफी माग. माझ्यासमोर नको. तिच्यासमोर."

नायिफ गेला. दिबलापुढे उभं राहून तो काय बोलला ते लांबून कुणाला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने हात पुढे केला, मिशअलने पास दिला, आणि तिने तो गळ्यात घातला.

"मिशअल," तर्फा मोठ्याने म्हणाली, "तुझ्या आजीला टाचण्या कळत होत्या. माणसंही कळत असतील. तिला विचारायचं होतंस."

"ती वारली, मावशी."

"मग मला विचारायचं होतंस. मी अजून मेले नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन तिरपं झालं तेव्हा मैदान काठोकाठ भरलं होतं. तंबूत चार म्हातारे बसवले होते, त्यात मुत्लक एक. दिबला कोपऱ्यात मांडलेल्या विणायच्या मागावर बसली होती आणि तिचे हात चालत होते. ठरल्याप्रमाणे संघ पूर्वेकडून येत होते आणि तंबूला वळसा घालून आपापल्या जागी जात होते. पहिले तीन गेले. कर्ण्यातला आवाज तीन भाषांत तेच तेच सांगत होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चौथा संघ पलीकडचा. फाटकात पाऊल टाकताच त्यांच्या पुढची रांग मंदावली. खेळाडू तरुण होते, त्यांना काही कळलं नसेल. पण त्यांच्या मागून दोन-तीन वयस्क माणसं चालत होती, आणि त्यांनी समोर पाहिलं. गालिचे, कॉफी, बसलेले म्हातारे. मध्ये काहीच आडवं नाही.

त्यातल्या एकाने रांग सोडली. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. तो थांबला नाही. तंबूच्या कडेशी येऊन त्याने जोडे काढले आणि पाहुण्याने घालायची हाक घातली.

"घरात कुणी आहे का?"

मागावरचे हात थांबले. दिबलाने मान वर केली नाही. मुत्लकला तिचे खांदे दिसत होते. ते हलत होते.

"आहेत," मुत्लकनेच उत्तर दिलं. "ये. बस."

तो माणूस आत आला, तसं त्याच्या मागे त्याचं अख्खं पथक वळलं, झेंड्यासकट. आखलेली वाट सोडून तिघं-चौघं करत ती सगळी पोरं गालिच्यावर येऊन उभी राहिली आणि आता काय करायचं ते न कळून एकमेकांकडे बघू लागली. वर हजारो माणसं एकदम उठून उभी राहिली. चित्रणवाले हातवारे करत धावत सुटले.

भाऊ बहिणीपुढे वाकून बसला. तेव्हा कुठे दिबलाने त्याच्याकडे पाहिलं. आधी डोळे पुसले, मग त्याची हनुवटी चिमटीत धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अरे, दाढी पांढरी केलीस सगळी," ती रागावून म्हणाली. "चार वर्षांत? कुणाला विचारून?"